अस्सलबरहुकूम नक्कल

माझे बाबा कराडच्या कोर्टात कारकून होते. नोकरीची शेवटची अकरा वर्षं त्यांनी नक्कल विभागात काढली. कोर्टाची पायरी न चढलेल्यांसाठी सांगते: निकालाची, दाव्याची, जुन्या हुकूमनाम्याची प्रत हवी असेल तर या विभागात अर्ज करायचा, फी भरायची आणि थांबायचं. मग सही-शिक्क्यानिशी प्रत मिळते. जुन्या कागदांत अशा प्रतीला 'अस्सलबरहुकूम नक्कल' म्हणत. अस्सल कागदात जे आहे ते, तसंच, एका वेलांटीचाही फरक न करता.

त्यामुळे आमच्या घरात 'नक्कल' हा शब्द कधी चेष्टेवारी गेला नाही. नक्कल कुणाला द्यायची, कुणाला नाही, किती द्यायच्या, याला नियम असतात आणि ते पाळायचे असतात, हे बाबांच्या हाडीमाशी खिळलेलं. म्हणून घरातल्या कॅसेटी लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं मी ठरवलं, तेव्हा 'किती दिवस लागतील?' किंवा 'खर्च किती?' असलं काही त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "कुठल्या कलमाखाली?"

मला हसू आलं. विकत घेतलेल्या कॅसेटी, आपल्याच घरात, आपल्याच कानांसाठी. यात कलम कुठून आलं? पण बाबा हसत नव्हते. "आपण गाणं विकत घेतलं की कॅसेट?" त्यांनी पुढचा प्रश्न टाकला.

मी वकील नाही. पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. पण पुढचे काही महिने मी जेवढा वेळ कॅसेटींना दिला, जवळजवळ तेवढाच कॉपीराइटच्या कायद्याला दिला.

* * *

आधी मुद्देमाल सांगते. टीव्हीखालच्या शोकेसमध्ये २१४ कॅसेटी आहेत. १९८३ ते २००४ या काळात बाबांनी एकेक करून घेतलेल्या. नाट्यगीतं, भावगीतं, भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, प्रल्हाद शिंदे, गीतरामायणाचा संच, दोन-तीन लावण्यांच्या, आणि आमच्या भागातल्या भजनी मंडळांच्या बऱ्याच. एका जाड वहीत प्रत्येकीची नोंद आहे: तारीख, दुकान, किंमत. कारकुनाच्या पगारात महिन्याला एक कॅसेट ही तेव्हा चैन होती. बऱ्याच कॅसेटींच्या आतल्या कागदावर आईने आवडत्या गाण्यापुढे शिसपेन्सिलीने बारीक फुली केलेली आहे. आई जाऊन सहा वर्षं झाली.

टेप ही नाशवंत वस्तू. प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर बसवलेली चुंबकीय भुकटी, एवढंच ते असतं. दमट हवेत तिच्यावर पांढरी बुरशी चढते, वेढे एकमेकांना चिकटतात, टेप दाबून धरणारा फेल्टचा तुकडा गळून पडतो. २०१९ च्या पुरात पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं, तेव्हा बाबांनी माळ्यावर आधी जमिनीचे कागद चढवले आणि त्यांच्या मागोमाग कॅसेटी.

उतरवून घेण्याची पद्धत सोपी आहे. चालू स्थितीतला एक डेक, त्याच्या लाइन-आउटमधून एक वायर, एक छोटा ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर. दर दोन-तीन कॅसेटींनंतर डेकचं हेड कापसाने पुसायचं. तासाभराच्या कॅसेटला तासभरच लागतो, त्यात घाई चालत नाही. सीडीच्या दर्जाची फाइल तासाला साधारण ६३५ एमबी होते. २१४ कॅसेटी म्हणजे जवळजवळ नऊ दिवस आणि नऊ रात्री अखंड वाजवणं, आणि सगळं मिळून १३५ जीबीच्या आसपास. म्हणजे एका माणसाची वीस वर्षांची खरेदी हल्लीच्या २५६ जीबीच्या फोनमध्ये बसते.

* * *

आता कलम. बाबांच्या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर सरळ आहे. कॅसेट विकत घेतली तेव्हा प्लास्टिक आपलं झालं. प्रत काढायचा हक्क मात्र मालकाकडेच राहिला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १४ सांगतं की ध्वनिमुद्रणावरून दुसरं ध्वनिमुद्रण करणं, ते इलेक्ट्रॉनिक किंवा दुसऱ्या कुठल्याही माध्यमात साठवणं, हे हक्कधारकाचं काम. म्हणजे माझा लॅपटॉप सुरुवातीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात.

सुटकेची वाट कलम ५२ मध्ये आहे. कुठली गोष्ट उल्लंघन धरायची नाही याची ती लांबलचक यादी. त्यातल्या पहिल्याच खंडात 'फेअर डीलिंग' हे शब्द येतात. रास्त व्यवहार म्हणू. खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठी, संशोधन धरून, कुठल्याही कृतीशी केलेला रास्त व्यवहार हे उल्लंघन नव्हे. यातला 'कुठल्याही' हा शब्द २०१२ चा. त्या वर्षीच्या दुरुस्तीआधी तिथे साहित्य, नाट्य, संगीत आणि कला एवढ्यांचाच उल्लेख होता. कायद्याच्या भाषेत संगीत म्हणजे चाल. ध्वनिमुद्रण ही वेगळी वस्तू, आणि ती त्या यादीत नव्हती. म्हणजे कॅसेटींचा अख्खा जमाना येऊन गेला, टेपरेकॉर्डर अडगळीत पडले, आणि त्यानंतर कायद्याने घरात बसून ऐकणाऱ्याला हा आधार दिला.

पण 'रास्त' म्हणजे किती? मी प्रिंट काढून नेली होती. बाबांनी ती लाल पेन्सिल घेऊन वाचली आणि विचारलं, "व्याख्या कुठे आहे?" व्याख्या नाही. किती भाग घेतला, कशासाठी घेतला, त्याने मालकाच्या विक्रीला धक्का लागतो का, हे बघून न्यायाधीशांनी त्या त्या प्रकरणात ठरवायचं. आमच्या बाजूने म्हणायचं तर कॅसेट पैसे देऊन घेतलेली आहे, प्रत घराबाहेर जात नाही, कुणी विकत नाही. विरुद्ध बाजूने म्हणायचं तर आम्ही एखाददुसरा तुकडा घेत नाही, अख्खी कॅसेट उतरवतो. मी वाचून काढलेला अर्थ असा की जपणुकीसाठी काढलेली घरातली प्रत या खंडात बसायला हवी. 'बसायला हवी' आणि 'बसते' यांत किती अंतर असतं, ते बाबांनी बत्तीस वर्षं बघितलं होतं.

यादी पुढे वाचत गेलं की मजा वाटते आणि मग थोडा रागही येतो. संगणकाचा प्रोग्रॅम विकत घेतलेल्याने तो हरवू नये, खराब होऊ नये म्हणून तात्पुरत्या संरक्षणासाठी बॅकअप प्रत काढली तर चालते, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्याकडच्या वस्तूची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवली तर चालते, हेही २०१२ पासून स्पष्ट लिहिलेलं आहे. लग्नाच्या वरातीत गाणी वाजवण्याचासुद्धा नाव घेऊन उल्लेख आहे. मी ज्या सॉफ्टवेअरवर पोट भरते त्याची सोय आहे, वरातीची सोय आहे. टीव्हीखालच्या शोकेसचा उल्लेख नाही.

कॅसेटीच्या आतल्या कागदावर बारीक इंग्रजीत छापलेलं असतं की विनापरवाना प्रत काढणं, भाड्याने देणं, उसनी देणंसुद्धा मना आहे. बाबांनी भिंग लावून ते वाचलं. "उसनी द्यायची नाही?" ते म्हणाले. "म्हणजे शेजारच्या काकूंनी गणपतीत नेलेली..." मग स्वतःच म्हणाले, "हा कंपनीचा मजकूर झाला. कंपनीने छापलं म्हणून कायदा होत नाही." आणि भिंग मिटून ठेवलं.

* * *

वयाने माझ्याहून लहान वाचकांना एक क्रियापद सांगायला हवं: 'भरून घेणं'. १९८०-९० च्या दशकांत गावोगावी अशी दुकानं होती, जिथे कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी घेऊन जायचं. दोन दिवसांनी दुकानदार ती यादीबरहुकूम भरून द्यायचा. साठ मिनिटांची, नव्वद मिनिटांची. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे चौकोन मोडले की त्यावर दुसरं काही भरता येत नसे. पुन्हा भरायची असेल तर त्या भोकांवर चिकटपट्टी. विकतच्या कॅसेटींना ते चौकोन मुळातच नसायचे.

पुढे मी कॉलेजात असताना हेच क्रियापद मोबाइलच्या दुकानात दिसलं. 'मेमरी कार्ड भरून मिळेल.' पन्नास रुपयांत चार जीबी. वस्तू बदलली, क्रियापद तेच राहिलं.

कायद्याच्या नजरेत ही दोन्ही दुकानं आणि आमचं घर एका रांगेत बसत नाहीत. दुकानदार दुसऱ्याच्या गाण्यावर पैसे मिळवत होता आणि गायकापर्यंत, कवीपर्यंत त्यातला एक रुपया पोचत नव्हता. अशा धंद्याला कलम ६३ आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. २०१२ च्याच दुरुस्तीने कवी आणि संगीतकारांना आपल्या रॉयल्टीवर पाणी सोडायला कुणी लावू नये, अशी तरतूदही केली. या बाजूचं म्हणणं मला मनापासून पटतं. गाणं करणाऱ्याला त्याचं मोल मिळालं पाहिजे. आमच्या घरातून ते मिळालेलं होतं, २१४ वेळा, तारीखवार नोंदीसकट. मोल दिल्यावर ती वस्तू टिकवायचा हक्क आहे की नाही, एवढाच आमचा प्रश्न होता.

* * *

हा प्रश्न फक्त आपल्याकडेच अर्धवट राहिलाय असं नाही. टेपरेकॉर्डर घरोघरी आल्यापासून सगळेच देश त्याच्याशी झटापट करत आलेत.

पश्चिम जर्मनीत संगीतकारांच्या हक्कांची संस्था 'गेमा' हिने मागणी केली होती की टेपरेकॉर्डर विकत घेणाऱ्याच्या ओळखपत्राचा तपशील दुकानदाराने घेऊन आपल्याला कळवावा. १९६४ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने नकार दिला. कोण घरात काय रेकॉर्ड करतं हे तपासायचं तर लोकांच्या घरात शिरावं लागेल, आणि ते चालणार नाही, असा त्याचा आशय. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, त्यांनी तोड काढली: घरगुती प्रतीला परवानगी, आणि त्याबदल्यात टेपरेकॉर्डर बनवणाऱ्यांनी एक ठरावीक आकार भरायचा, जो कलाकारांमध्ये वाटला जाईल. युरोपातल्या बऱ्याच देशांनी पुढे हीच वाट धरली. भारतात असा आकार नाही.

अमेरिकेत १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं रास्त आहे. १९९२ मध्ये तिथे संगीताच्या घरगुती रेकॉर्डिंगसाठी वेगळा कायदा आला. १९९९ मध्ये 'रिओ' नावाच्या एमपीथ्री प्लेअरच्या खटल्यात तिथल्या अपील न्यायालयाने म्हटलं की आपल्याकडचं गाणं या जागेवरून त्या जागी नेणं हा वैयक्तिक वापरच आहे.

सगळ्यात मासलेवाईक गोष्ट ब्रिटनची, आणि तिच्याशी आमचा घरचा संबंध आहे, कारण माझी थोरली बहीण लंडनजवळ स्लाऊला राहते. ब्रिटनमध्ये स्वतःची सीडी स्वतःच्या आयपॉडवर घेणंही बेकायदेशीर होतं. लाखो लोक ते करत होते आणि कुणी कुणाला अडवत नव्हतं. अखेर १ ऑक्टोबर २०१४ पासून सरकारने विकत घेतलेल्या वस्तूची स्वतःसाठी प्रत काढायला परवानगी दिली. त्यावर संगीतक्षेत्रातल्या संघटना कोर्टात गेल्या. नुकसान होत नाही, म्हणून भरपाईची गरज नाही, हे सरकारने पुरेशा पुराव्याने दाखवलेलं नाही, असं म्हणत उच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये तो नियमच रद्द केला. म्हणजे ब्रिटिश माणसाच्या आयुष्यात घरातली प्रत जेमतेम नऊ-दहा महिने कायदेशीर होती.

ताईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे मी हीथ्रोला उतरले की गुन्हेगार?" बाबांनी फोन स्पीकरवर घ्यायला लावला आणि तिला समजावलं, "प्रत इथे काढलेली आहे. तिथे तू फक्त ऐकायचीस." मग मी आगीत तेल ओतलं: तिथे हार्ड डिस्कवरून फोनमध्ये टाकलंस की ती नवी प्रत. दोन्हीकडे थोडा वेळ शांतता.

* * *

ताईचा प्रश्न आल्यावर प्रकरण गुंतागुंतीचं झालं. मी माझ्यासाठी काढलेली प्रत तिला दिली, तर तो 'वैयक्तिक वापर' उरतो का? कॅसेट एक, ऐकणारी घरं दोन. मी म्हटलं, बहीण म्हणजे कुटुंबच. बाबा म्हणाले, "कुटुंबाची व्याख्या तू करू नकोस. भाऊबंदकीचे निम्मे दावे तिथेच सुरू होतात."

त्यांनी काढलेला तोडगा असा, की त्यांच्या सगळ्या नोकरीचं सार त्यात उतरलं होतं. कॅसेटींची वाटणी करायची. जिच्या वाट्याला अस्सल, तिच्याकडेच नक्कल. मूळ कॅसेट आणि तिची फाइल एकाच नावावर, कधी वेगळी करायची नाहीत. ताई डिसेंबरमध्ये आली तेव्हा बाबांनी यादी तयार ठेवली होती. निम्म्या-निम्म्या, १०७ आणि १०७. गीतरामायणावरून चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. आईच्या सगळ्यात जास्त फुल्या असलेली नाट्यगीतांची कॅसेट कुणाकडे जाणार यावर आम्ही दोघी दोन तास बोललो नाही, आणि मग ताईने ती माझ्याकडे सरकवली.

गीतरामायणाचंच घ्या. एका कॅसेटमध्ये किती हक्क एकावर एक रचलेले असतात ते त्यात दिसतं. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ती ५६ गाणी प्रसारित झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे. ते १९७७ मध्ये गेले. आपल्या कायद्यात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे शब्दांवरचा हक्क २०३७ संपेपर्यंत. चाली सुधीर फडक्यांच्या. ते २००२ मध्ये गेले, म्हणजे चालींवरचा हक्क २०६२ संपेपर्यंत. ध्वनिमुद्रणाचा हिशोब आणखी वेगळा: प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. एक कॅसेट, तीन घड्याळं. ताईची मुलगी आजीच्या वयाची होईल तेव्हा कुठे शेवटचं घड्याळ थांबेल.

वाटणी करताना एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरली ती तेव्हापासून गेलेली नाही. माझ्या फोनमध्ये एका म्युझिक अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन आहे. गेल्या सात-आठ वर्षांत मी त्यावर जेवढे पैसे भरले, ते बाबांच्या कॅसेटींच्या एकूण खर्चाच्या पुढे सहज गेले असतील. माझी वाटणी करायची वेळ आली तर त्यातलं काय देता येईल? काही नाही. 'डाउनलोड' असं ज्याला आपण म्हणतो ती कुलूपबंद फाइल असते. महिन्याचे पैसे थांबले की किल्ली परत जाते. हक्कांवर घाला घालायच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर कलम ६५-अ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. बाबांच्या कॅसेटीला कुलूप नव्हतं. तिच्यावर एक छापील धमकी होती फक्त.

पैसे देऊन घेतलेली गाणी दुकानासकट जाऊ शकतात, हेही झालेलं आहे. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये जाहीर केलं होतं की आपल्या जुन्या संगीत-दुकानातून विकलेल्या गाण्यांना यापुढे नव्या किल्ल्या मिळणार नाहीत. आरडाओरडा झाल्यावर मुदत वाढवली. आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१२ मध्ये 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं दुकान काढलं आणि २०१३ मध्ये बंद केलं. तिथली एमपीथ्री बिनकुलपी होती. ज्यांनी वेळेत उतरवून नीट ठेवली, त्यांच्याकडे ती आजही वाजत असतील.

जुन्या पिढीने तर तेच गाणं तीन-तीन, चार-चार वेळा विकत घेतलंय. आधी तबकडी, मग कॅसेट, मग सीडी. २०१७ मध्ये सारेगामाने पाच हजार गाणी भरलेला 'कारवां' हा रेडिओसारखा दिसणारा डबा आणला, तेव्हा ताईने तो बाबांना घेऊन दिला. बाबांना तो आवडतो. सकाळी चालूच असतो. पण वहीत त्याची नोंद नाही. विचारलं तर म्हणाले, "त्यातली निम्मी आपल्याकडे आहेतच."

घरातली प्रत बेकायदेशीर आहे असं आपल्याकडे कुणी ठामपणे म्हटलं नाही, कायदेशीर आहे असंही नाही. दरम्यान, जिची प्रत काढावी अशी वस्तूच हातात देणं बंद झालं. कुणी काही मना न करता हक्क आपोआप निकालात निघाला. मला कायद्यात एक ओळ हवी आहे: सॉफ्टवेअरसाठी जशी आहे तशी, विकत घेतलेलं गाणं खराब होऊ नये म्हणून काढलेली प्रत चालते, एवढीच. ती येईल तेव्हा येईल. तोवर जे कलाकार किंवा कंपन्या बिनकुलपी फाइल विकतात, त्यांच्याकडून मी वर्षातून काही गाणी घेते आणि दोन ठिकाणी ठेवते. सबस्क्रिप्शनही चालू आहे.

* * *

बाबांच्या वाट्याचा प्रश्न सगळ्यात शेवटी आला. वहीत १२६ व्या ओळीवर एका भजनी मंडळाची कॅसेट आहे, १९९३ ची. काढणारी कंपनी जवळच्याच गावातली. आतल्या कागदावर पत्ता आहे आणि पाच आकडी फोन नंबर. कुठल्याही अ‍ॅपवर हे भजन नाही. मी पत्त्यावर जाऊन आले; तिथे आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे आणि आधी काय होतं ते तिथल्या मुलाला माहीत नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क २०५३ संपेपर्यंत जिवंत आहे. टेप मात्र दुसऱ्या बाजूला आताच फरफरते.

बाबांनी भजनाच्या ओळखीतून शोध घेतला. त्यातले मुख्य गायक गेलेले. त्यांचा मुलगा टेम्पो चालवतो, मसूरच्या बाजूच्या एका गावात राहतो. तो एका दुपारी घरी आला. त्यांच्याकडची कॅसेट टेम्पोच्या टेपमध्ये अडकून तुटली, त्याला वीस वर्षं झाली होती. मी फाइल लावली. खुर्ची दिली होती तरी तो पूर्ण वेळ उभाच राहिला. अभंग संपल्यावर म्हणाला, "काका, मला ह्याची एक कॉपी द्या की मारून."

मी बाबांकडे बघितलं. रास्त व्यवहार, वैयक्तिक वापर, सगळं त्यांना पाठ झालेलं होतं. दुसऱ्याला दिलेली प्रत हा आमचा वैयक्तिक वापर कसा होईल? मालकाचा पत्ता लागत नसेल तर कलम ३१-अ खाली कोर्टाकडून परवाना मागता येतो, पण तो कृती प्रसिद्ध करण्यासाठी. एका मुलाला त्याच्या वडिलांचा आवाज देण्यासाठी कुठला अर्ज करायचा, ते त्या कायद्यात नव्हतं.

बाबा उठले, शोकेसमधून ती कॅसेट काढली, आतला कागद नीट आहे ना बघितलं आणि त्याच्या हातात दिली. अस्सल. मग मला म्हणाले, "पेन ड्राइव्हवर फाइल टाकून दे. अस्सलबरोबर नक्कल जाते."

तो गेल्यावर आमची वादावादी झाली. नियम बाबांचाच होता: अस्सल जिच्याकडे, नक्कल तिच्याकडे. मग आपल्या डिस्कवरची फाइल पुसायला हवी. मी म्हटलं, त्याच्याकडे वाजवायला डेक नाही, पेन ड्राइव्ह टेम्पोत उन्हात पडून राहणार, आपल्याकडची पुसली आणि त्याच्याकडची गेली तर हा आवाज पृथ्वीवर कुठेच उरत नाही. बॅकअप याला म्हणतात, बाबा. ते म्हणाले, "मालकी सुटल्यावर ठेवलेल्याला बॅकअप म्हणत नाहीत." दोघांच्याही म्हणण्याला आधार होता. कलम ५२ दोघांच्याही मदतीला आलं नाही.

आतापर्यंत १६१ कॅसेटी उतरवून झाल्या आहेत. वहीत मी दोन नवे रकाने आखून दिले आहेत, एक अस्सलसाठी, एक फाइलसाठी. १२६ व्या ओळीवर पहिल्या रकान्यात बाबांनी 'दिली' असं लिहून तारीख टाकली आहे आणि खाली सही केली आहे. दुसरा रकाना त्यांनी अजून भरलेला नाही, आणि मीही त्यांना आठवण केलेली नाही.